नववा धडा

मी एक चष्मा आहे, पण माझ्यातून समोरचे काही दिसत नाही. मला डोळ्यांवर बांधले की माणसाला स्वतःचे हातसुद्धा दिसेनासे होतात आणि त्याऐवजी एक वर्ग दिसू लागतो. चार भिंती, एक फळा, सोळा खुर्च्या आणि मधोमध एक खाट. हा वर्ग जगात कुठेही नाही. तरी त्यात बायका येऊन बसत, शिकत, चुकत, हसत. आज मला पेटीत घालून खाली शहरात नेणार आहेत. तिथे माझ्यातले सगळे पुसून मला कोरे करतील. त्याआधी हे सांगून टाकतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीटसे ठाऊक नाही. हातमोजे घातलेल्या पुष्कळ हातांनी मिळून मला जोडले. त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिला नाही. माझी पहिली आठवण फेस शहरातली आहे. प्रशिक्षण केंद्राच्या एका टेबलावर आम्ही सोळा जण ओळीने मांडलेले होतो. एक उंच, बारीक बाई प्रत्येकाला उचलून आतली काच पुसत होती. तिचे नाव बुशरा. तिला सगळे आदराने लल्ला बुशरा म्हणत. डोंगरातल्या सोळा गावांतल्या सोळा बायकांना ती घरबसल्या सुईणीचे काम शिकवणार होती. म्हणजे ती फेसमध्ये, बायका आपापल्या गावांत, आणि वर्ग आमच्या पोटात.

माझ्या वाट्याला तामालूत आले. हे गाव ॲटलस डोंगराच्या सावलीच्या अंगाला आहे. समोरच्या उतारावर जर्दाळू फुलतात तेव्हा तामालूतच्या गल्ल्यांत अजून बर्फ साचलेले असते. तिथे गावाने स्वतः श्रम करून दवाखान्याची एक खोली बांधली होती. पुरुषांनी दगड वाहिले, बायकांनी पाणी वाहिले. सरकारने एक परिचारिका दिली, ती वर्षभर राहिली, बदली होऊन गेली, आणि दाराला कुलूप लागले. मग कळले, की गावातली एक बाई दुरून शिकून तयार झाली तर कुलूप निघेल. अट एकच होती. बारा धडे, आठवड्याला एक. तीन वेळा गैरहजर राहिले की नाव कटणार आणि मी पुढच्या खोऱ्यात जाणार. ही अट गावात लहानथोरांना पाठ होती.

गावाने हद्दाला निवडले. हद्दा छत्तीस वर्षांची, आठवीपर्यंत शिकलेली. तिची आई सुईण होती. आणखीही एक कारण होते, जे कुणी बोलून दाखवत नसे. हद्दाचे एकुलते मूल बारा वर्षांपूर्वी खिंडीच्या वाटेवर, खेचराच्या पाठीवर जन्मले होते आणि शहर दिसायच्या आत गेले होते.

मी पहिल्यांदा पेटीतून बाहेर आलो तेव्हा खोलीत पंधरा-वीस बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. हद्दाची सासू फद्मा सगळ्यांत पुढे. तिने मला हातात घेऊन उलटसुलट केले.

"ही तर खेचराची झापड," ती म्हणाली. "मळणीत खेचराला घेरी येऊ नये म्हणून बांधतात. आमच्या सुनेला कशाला?"

"तिलाही गोल गोलच फिरवणार असतील," मागून कुणीतरी म्हणाले.

तेव्हापासून गावात माझे नाव झापड पडले. मला त्याचे वाईट वाटले नाही. नाव मिळणे म्हणजे घरातला होणे.

आतल्या वर्गात सगळ्या बायका एकसारख्या दिसत. निळा झगा, पांढरा रुमाल, गुळगुळीत चेहरा, आणि डोक्यावर तरंगणारे नाव. बोलणे खरे, आवाज खरा, फक्त चेहरा तेवढा खोटा. मधल्या खाटेवर एक बाई निजलेली असे. तीही खोटीच, पण तिचे पोट हलायचे, ती कण्हायची. बायकांच्या दोन्ही हातांत धरायला दोन मुठी दिलेल्या होत्या. योग्य जागी योग्य दाब पडला की त्या मुठी हलकेच थरथरत. वर्गाला एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर समुद्र होता. ज्याने हा वर्ग केला तो समुद्रकाठचा असावा. डोंगरातल्या त्या सोळा जणींनी पहिल्या दिवशी बाळंतपणाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न समुद्राविषयीच होते. लल्ला बुशराने अर्धा तास दिला आणि मग म्हणाली, "आता त्या पाण्याकडे पाठ करा बायांनो, इथे एक बाई कळा देतेय."

हद्दा हळू शिकणारी, पण पक्की होती. एकदा हाताला कळले की विसरत नसे. चार धडे तिने असे केले. पाचव्या धड्याच्या आधी तिचा नवरा बस्सू गेला. अक्रोडाची पोती घेऊन उतरणारा ट्रक वळणावरून खाली गेला, त्यात तो होता.

हद्दा पांढऱ्या कपड्यांत घरी बसली. विधवेने सव्वाचार महिने घराबाहेर पडायचे नाही, असे तामालूतमध्ये सगळ्याच बायका मानत आल्या होत्या. फद्मा तशी बसली होती, तिची सासू तशी बसली होती. मला तिच्या घरी नेऊन उपयोग नव्हता. ज्यावरून वर्ग यायचा ते इंटरनेट फक्त दवाखान्याच्या छपरावरच्या ताटलीपाशी पोचायचे. आठ धडे राहिले होते आणि तीन गैरहजेऱ्यांत सगळे संपणार होते. गावाने काय बोलाचाली केली ती मी ऐकली नाही. एवढेच झाले, की पुढच्या मंगळवारी दवाखान्याचे दार उघडले आणि आत हद्दाची धाकटी जाऊ आली. इत्तो.

इत्तो बावीस वर्षांची. चार यत्ता शिकलेली, म्हणून तिचे नाव अर्जात बसले नसते. शिवाय तिला दिवस गेले होते. चौथा महिना होता, पोट नुकतेच कळू लागले होते. तिने मला उचलले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "बघ बाबा, मी हद्दा आहे. चुगली करू नकोस."

चुगली करायला मला तोंड नव्हते. पण मला कळले होते, हे इथे कबूल करतो. माझ्या काचांमधले अंतर डोळ्यांप्रमाणे कमीजास्त करायला एक चाक आहे. हद्दाचे डोळे एकमेकांपासून लांब, इत्तोचे जवळ. तिने चाक फिरवले तो आकडा माझ्यापाशी नोंदला गेला. तिच्या सुरम्याचा डाग माझ्या अस्तरावर उमटला. आत मात्र हद्दाच्याच खुर्चीवर, हद्दाच्याच चेहऱ्याची, हद्दाच्याच नावाची बाई बसली. लल्ला बुशराने हजेरी घेतली. इत्तो "हजर" म्हणाली. आवाज वेगळा होता, पण शोकातल्या माणसाचा आवाज बदलतोच. लल्ला बुशरा म्हणाली, "हद्दा, देव तुला बळ देवो. अशा दिवसांतही आलीस, हे मी विसरणार नाही."

धडा संपल्यावर तिने मला काढले तेव्हा अस्तर ओले होते.

पुढे ती रमली. वर्गाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी येऊन बसायची आणि रिकाम्या वर्गात खिडकीपाशी उभी राहून समुद्र पाहायची. शिकायची मात्र अशी, की मुठींची थरथर थांबत नसे. तिच्या हातांत काहीतरी होते. लल्ला बुशरा इतर पंधराजणींना सांगायची, हद्दाचे बघा. सहाव्या धड्यात बाळाच्या मानेभोवतीची नाळ सोडवायची होती. तीन जणींचे बाळ गुदमरले, इत्तोने एका बोटाने सोडवली. लल्ला बुशराने विचारले, कुठे शिकलीस? इत्तो म्हणाली, "लोकर विंचरताना गुंता असाच सोडवतात, लल्ला."

घरी गेल्यावर ती हद्दाला सगळे शिकवायची. हे मला पुष्कळ नंतर, हद्दाच्याच तोंडून कळले. स्वयंपाकघरात परातीत कणकेचा गोळा घ्यायचा आणि त्याच्यावर दाखवायचे: इथे पोट, इथे पिशवी, असे चोळायचे, इतके घट्ट झाले पाहिजे. फद्मा ओरडायची, भाकऱ्या करा आधी, मग बाळंतपणे करा. त्या घरात त्या दोन महिन्यांत तेवढेच काय ते हसू होते. हद्दा धाकटीकडून सगळे उतरवून घेत होती आणि गावाला वाटत होते, पाणी एका घड्यातून दुसऱ्या घड्यात ओतले की झाले.

नवव्या धड्याचा दिवस बस्सूच्या चाळिसाव्याचा, म्हणजे मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाचा होता. मधल्या एका मंगळवारी बर्फामुळे वर्ग झाला नव्हता, म्हणून तो धडा त्या दिवशी आला. घरी पन्नास माणसांचे जेवण. इत्तो पहाटेपासून राबून, हाताला लोण्याचा वास घेऊन धावत आली. तिला समुद्राकडे पाहायला वेळ मिळाला नाही.

त्या दिवसाचा धडा असा होता. बाळ झाले, वार पडली, पण पिशवी आकसत नाही आणि रक्त थांबत नाही. चोळून झाले, सुई देऊन झाली, तरी थांबत नाही. मोठा दवाखाना लांब आहे. अशा वेळी हातांनी काय करायचे. लल्ला बुशराने ते स्वतः करून दाखवले आणि मग एकेकीला बोलावले. पुष्कळजणी लाजल्या. एक हात आत घालायचा होता. एक बाई म्हणाली, मी माझ्या बहिणीचेही असे करणार नाही. लल्ला बुशरा रागावली नाही. म्हणाली, "मग तिला मरू देशील का?" इत्तोने न लाजता केले. धड्याच्या शेवटी प्रत्येकीला आपल्या शब्दांत सांगावे लागे, आणि ते उत्तर माझ्यात साठून राही. इत्तोने सांगितले. तिला बारापैकी बारा गुण पडले.

घरी पोचली तेव्हा बैठकीत पाहुण्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. फद्मा मध्ये, पांढऱ्या कपड्यांतली हद्दा तिच्या शेजारी. इत्तोने कुसकुसच्या परातीत हात घातला. हद्दाने हळूच विचारले, आज काय झाले? आता सासूसमोर, सासूच्या बहिणींसमोर, मेलेल्या माणसाच्या जेवणाच्या दिवशी, इत्तोने ते काय सांगायचे? ती म्हणाली, "काही विशेष नाही. मागचंच."

सांगू नंतर, असे तिला वाटले असणार. मग दहावा धडा आला, अकरावा आला. तिची भूक वाढली, झोप वाढली, पोट वाढले. राहून गेले.

बारा धडे संपले. कागद आला, त्यावर हद्दाचे नाव होते आणि कडेला छापील हिरवा शिक्का. गावाने तो चौकट करून दवाखान्याच्या भिंतीवर, माझ्या फळीच्या बरोबर वर लावला. फेब्रुवारीच्या शेवटी हद्दाचे सव्वाचार महिने भरले. तिने पांढरे कपडे उतरवले, न्हाली, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे कुलूप काढले. मी फळीवरच होतो. पुढच्या महिन्यात दोन बाळंतपणे झाली, दोन्ही सुखरूप. दुसऱ्या बाळाचा बाप हद्दाच्या हातावर अक्रोड ठेवून गेला. फद्मा दारात खुर्ची टाकून बसू लागली, जणू दवाखाना तिचाच होता. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "माझ्या दोन सुना मिळून एक डॉक्टर झालाय."

मार्चच्या शेवटी, एका शुक्रवारी सकाळी, इत्तोला घेऊन आले. आदल्या दिवशी उशिराचे बर्फ पडून खिंड बंद झाली होती. इत्तोचा नवरा सक्कू दूर रबात शहरात इमारतीच्या कामावर होता. कळा चांगल्या येत होत्या. इत्तो खाटेवरून हद्दाला सांगत होती, आता पाणी घे, आता तो कपडा घे. हद्दा म्हणाली, "तू गप्प बस की. तुला शिकवायचंय की व्यायचंय?"

"दोन्ही," इत्तो म्हणाली. "गुण माझेच आहेत."

दोघी हसल्या. फद्मा दाराबाहेरून म्हणाली की हसत बाळंत होणारी बाई तिने आजवर पाहिली नाही.

साडेदहाच्या सुमारास मुलगी झाली. लगेच रडली. वार पूर्ण पडली. हद्दाने ती पसरून, उलटून पाहिली, जशी कणकेवर शिकली होती तशी. मग तिने इत्तोच्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. पोट मऊ होते.

मी फळीवर होतो. काचा भिंतीकडे, कान खोलीकडे. हद्दाने चोळायला सुरुवात केली. सुई दिली. लघवी काढली. सगळे क्रमाने, न चुकता. थोडे घट्ट व्हायचे, पुन्हा मऊ. फद्मा कपडे आणून देत होती आणि मी ते जमिनीवर पडताना ऐकत होतो. आधी कोरड्या कपड्याचा आवाज, मग ओल्याचा. हद्दाने फोन लावला. रुग्णवाहिकेचा माणूस म्हणाला, खिंडीच्या पायथ्याशी आहोत, बर्फ काढायचे यंत्र पुढे आहे, दोन तास लागतील, तोवर दाबून धरा. हद्दाने दाबून धरले. वरून. तिला तेवढेच येत होते.

"इत्तो," ती म्हणाली. "आणखी काही होतं का गं? आणखी काही शिकवलं होतं?"

इत्तोचा आवाज लांबून आल्यासारखा आला. "होतं."

"काय होतं?"

"नववा." मग थोड्या वेळाने, "दोन्ही हात."

"दोन्हीच हात लावलेत गं. अजून काय? कसं?"

इत्तोने काहीतरी सांगितले, पण ते शब्द नव्हते.

हद्दाने फद्माचे हात ओढून आपल्या हातांच्या जागी ठेवले, वरून दाबत राहा म्हणाली, आणि मला फळीवरून खाली घेतले. डोळ्यांवर बांधले. माझे चाक इत्तोच्या डोळ्यांवर लावलेले होते; हद्दाला सगळे दुहेरी दिसत असणार. बोटांना रक्त होते, मुठी निसटत होत्या. तिने नववा धडा निवडला. तो बंद होता. एकदा झालेला धडा पुन्हा उघडत नसे. तो फक्त शिक्षिकेच्या खुणेच्या आकड्यांनी उघडे. आणि अशा वेळी बोलायचे वाक्य माझ्यात भरून ठेवलेले होते. ते मी बोललो. गोड, उत्साही आवाजात.

"हा धडा तुम्ही पूर्ण केला आहे. बारापैकी बारा गुण. शाबास, हद्दा."

तिने पुन्हा दाबले. मी पुन्हा तेच बोललो. तीनदा बोललो. चौथ्यांदा तिने मला ओढून काढले आणि बाजूला टाकले.

रुग्णवाहिका एक वाजता पोचली. बर्फ काढणाऱ्यांनी दोन तासांचे काम दोन तासांत केले होते. इत्तो साडेबाराला गेली होती.

पुढे काही दिवस हद्दा रोज येऊन दवाखान्याची जमीन धूत असे. स्वच्छ झालेली जमीन पुन्हा धुवायची. एकदा गावाचे फकीह, मशिदीत मुलांना कुराण शिकवणारे सिदी हम्मू, दाराशी आले. म्हातारे, नजर अधू झालेली. बाळाला दुवा द्यायला आलो म्हणाले. बाळ फद्माच्या मांडीवर होते. हद्दाने हात पुसत त्यांना विचारले, "सिदी, तेव्हा त्या आठ मंगळवारी मी घराबाहेर पडून इथे आले असते, तर पाप लागलं असतं का?"

सिदी हम्मू काठीवर हात ठेवून उभे होते.

"दिवसा कामापुरतं जावं, रात्री आपल्या घरी असावं," ते म्हणाले. "तेवढी मुभा आहे, लेकी. पहिल्यापासून आहे. मला कुणी विचारलं नाही."

फद्मा म्हणाली, "विचारायचं काय त्यात? आम्ही बसलो होतो." बाळ रडू लागले तरी तिने ते हलवले नाही. हद्दाला येऊन ते घ्यावे लागले.

त्याच आठवड्यात हद्दाने भिंतीवरचा कागद चौकटीतून काढला आणि सोबत चार ओळी लिहून फेसला पाठवला. ओळी काय होत्या ते मला माहीत आहे, कारण लिहिताना ती मोठ्याने वाचत होती. चार धडे मी केले. आठ माझ्या जावेने, इत्तोने केले. ती वारली. हा कागद माझा नाही.

काल लल्ला बुशरा स्वतः आली. इतक्या वर्षांत कुठल्याच गावात ती कधी गेली नव्हती. तिचे विद्यार्थी तिच्याकडेच यायचे, माझ्यासारख्यांच्या पोटातून. ती वाटेतल्या वळणांनी पांढरी पडली होती. हद्दा दारात उभी होती, पाठीला बाळ बांधलेले. लल्ला बुशरा तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. शंभरदा पाहिलेल्या नावाला आज पहिल्यांदा चेहरा लागत होता, आणि तोही चुकीचा.

चहा झाला. हद्दाने सगळे सांगितले. कणकेचा गोळा, चाळिसाव्याचे जेवण, सगळे. शेवटी लल्ला बुशरा म्हणाली, "ती माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी होती. आणि मला तिचं नाव तुझ्या चिठ्ठीतून कळलं."

"इत्तो," हद्दा म्हणाली.

"इत्तो," लल्ला बुशरा म्हणाली.

मग तिने मला पुढे ओढले. परत नेण्याआधी माझ्यात काय काय आहे ते तपासायचे होते. तिने आपले आकडे घातले आणि नववा धडा उघडला. उघडायला डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ लागला. तिने हद्दाकडे पाहिले. "तिचं उत्तर आहे यात. ऐकायचंय?"

हद्दाने बाळ सोडून फद्माकडे दिले आणि मला डोळ्यांवर बांधून घेतले.

मी इत्तोचा आवाज काढून दिला. जसाच्या तसा, धापा टाकत आलेल्या मुलीचा, चाळिसाव्याच्या घाईतला. "एक हात आत घालायचा, मूठ वळून. दुसरा वरून, पोटाच्या मागून पुढे आणायचा. पिशवी दोन्हींच्या मध्ये आली पाहिजे. मग घट्ट धरायची, लल्ला. नुसतं दाबायचं नाही, धरायचं. आणि गाडी येईपर्यंत सोडायचं नाही. हात भरून आले तर दुसरीला बोलवायचं. पण आधी तिचे हात लागू द्यायचे, मग आपले काढायचे. मध्ये रिकामं ठेवायचं नाही." मग लल्ला बुशराचा आवाज: शाबास, हद्दा. आणि मग इत्तोचे छोटेसे हसणे, दुसऱ्याचे कौतुक ऐकून हसावे तसे.

माझ्याखाली हद्दाचे हात मांडीवर होते. उजव्याची मूठ वळली होती आणि डावा तिच्यावर येऊन टेकला होता. तिने ते बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग मला काढले.

"एवढंच होतं?" तिने विचारले.

"एवढंच," लल्ला बुशरा म्हणाली.

जरा वेळाने लल्ला बुशराने विचारले, आता तरी तुला येते ना, कागद परत घेशील का, मी वर बोलून पाहीन. हद्दा म्हणाली, "असे आठ धडे आहेत, लल्ला. त्यातला हा एक." झालेले धडे पुन्हा देता येत नाहीत आणि सोडलेल्या गावाला दुसरी खेप नाही, हा नियम लल्ला बुशराने केलेला नसला तरी तो पाळायला तीच आली होती. दवाखान्याला आज पुन्हा कुलूप लागले. तामालूतमध्ये या घडीला सात बायका गरोदर आहेत. फद्माने त्यांची नावे बोटांवर मोजली आणि मग मोजणे सोडून दिले.

हद्दाने माझे अस्तर ओल्या फडक्याने पुसले. सुरम्याचा डाग निघाला नाही. तिने जोर लावला नाही. मला पेटीत ठेवले, मुठी दोन्ही बाजूंना ठेवल्या, आणि झाकण लावण्याआधी बाळाला पाहू दिले. बाळाने माझ्याकडे पाहिले की माझ्या काचेतल्या स्वतःकडे, ते मला सांगता येत नाही.

पुढच्या खोऱ्यात माझ्यात नवे नाव भरतील. कुणीतरी बाई मला डोळ्यांवर बांधेल आणि त्या खोट्या खुर्चीवर बसून, खोट्या चेहऱ्याने "हजर" म्हणेल. मी पुन्हा तिच्या डोळ्यांमधले अंतर मोजीन आणि पुन्हा गप्प राहीन. मला तेवढेच येते. म्हणून शिकवणाऱ्यांना हात जोडून एवढेच मागतो. तिला शाबास म्हणण्याआधी एकदा तिचे नाव विचारा. ती खरे सांगेल. इत्तोनेही सांगितले असते.